‘सिगारेट? नाही, कधीच नाही’: व्हेपिंगच्या त्रासाचं एक प्रकरण

पुण्यातल्या एका दंत महाविद्यालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात मी समुपदेशनाचं काम करते. ही हकीकत तिथे आलेल्या एका मुलाची आहे. लिहायला त्याने परवानगी दिली ती एका अटीवर: गावाकडच्या कुणी वाचलं तरी ओळखू येता कामा नये. म्हणून नाव दिलेलं नाही आणि घरचे-कॉलेजचे काही तपशील बदलले आहेत. त्रास, औषधं आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

पार्श्वभूमी

वय २०, इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. मूळ गाव मराठवाड्यात, वडिलांचं खतं-बियाण्यांचं दुकान. पुण्यात कर्वेनगरला तीन मित्रांबरोबर कॉट बेसिसवर राहायचा. वडील दिवसभर तंबाखू मळतात. एका चुलत्याचं जबड्याचं ऑपरेशन याने शाळेत असताना जवळून पाहिलेलं. त्यामुळे तंबाखू-सिगारेटला हात लावायचा नाही हे त्याने तेव्हाच ठरवलं होतं आणि पाळलंही होतं.

व्हेप, म्हणजे द्रव तापवून त्याची वाफ ओढायची ई-सिगारेट, त्याच्या हिशेबात तंबाखूत मोडतच नव्हता. पहिल्या वर्षी रूममेटच्या पॉडचे (छोट्या व्हेपचे) दोन-चार पफ, मग परीक्षेच्या काळात रोज संध्याकाळी, आणि दुसऱ्या वर्षाच्या मध्यापासून स्वतःचा डिस्पोजेबल, म्हणजे संपला की फेकून द्यायचा व्हेप. आधी आंबा, मग कलिंगड, मग थंडगार ‘आइस’वाले फ्लेव्हर. धुराचा वास येत नाही म्हणून घरमालकाची कटकट नाही, मागच्या बाकावर खाली वाकून पफ मारला तरी सरांना पत्ता नाही. सिगारेट निदान विझते आणि ‘एक झाली’ असं म्हणता येतं. हे उपकरण उशाशी पडून असतं, आणि ते कधी थांबवायचं याची खूण त्यात कुठेच नसते.

खोक्यावर ५ टक्के असं छापलेलं असायचं. त्याने लावलेला अर्थ: पाचच टक्के, म्हणजे नावापुरतं. प्रत्यक्षात ५ टक्के म्हणजे दर मिलीलिटरमागे साधारण ५० मिलीग्रॅम निकोटीन. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात जास्तीत जास्त २० मिलीग्रॅमला परवानगी आहे. त्याच्या उपकरणात १० मिली द्रव असल्याचं छापलेलं होतं, म्हणजे कागदावर ५०० मिलीग्रॅम, आणि ते आठवडाभरात संपायचं. यातलं सगळं काही अंगात जात नाही, पण अंदाज यायला एवढा हिशेब पुरे. एवढं कडक निकोटीन घशाला बोचत कसं नाही, असं त्याने मला नंतर विचारलं. ते ‘सॉल्ट’ स्वरूपात असतं, त्यात बहुधा बेंझोइक आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे त्याची धार बोथट होते. वर ‘आइस’चा गारवा उरलीसुरली जळजळ झाकतो.

तक्रारी

आमच्याकडे येण्याआधीचे सात-आठ महिने तो कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात होता. सकाळी उठल्या उठल्या मळमळ. तोंडाला सतत कोरड. रात्री वाढणारा कोरडा खोकला. दुपारी डोकं जड. परीक्षा जवळ आली की छातीत धडधड आणि हाताला थरथर. पहाटे तीनला जाग, मग झोप नाही.

प्रत्येक तक्रारीला काही ना काही मिळालं. मळमळीसाठी ॲसिडिटीची गोळी आणि मेसचं तिखट कमी खा हा सल्ला. खोकल्याला आधी सिरप, मग ॲलर्जीची गोळी, आणि तिने तोंड आणखीच कोरडं. धडधडीसाठी ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी, दोन्ही नॉर्मल. झोपेचं खापर मोबाइलवर, तेही अगदीच निराधार नव्हतं. त्याने स्वतः रील्स पाहून आपल्याला पॅनिक अटॅक येतात असं ठरवून टाकलं होतं. धडधड सुरू झाली की शांत व्हायला तो पफ मारायचा.

यातल्या प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न त्याला विचारला गेला होता: सिगारेट, तंबाखू, दारू? तो नाही म्हणाला, आणि त्याच्या समजुतीप्रमाणे खरंच बोलला. डॉक्टरांचा प्रश्नही आपल्याकडच्या परिस्थितीतून आलेला आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, ओढणारे जेमतेम ३.८ टक्के. त्यामुळे आपल्याकडचा डॉक्टर गालाची आतली बाजू, दातांवरचे डाग, फार तर कपड्यांचा वास बघतो. दात स्वच्छ, बोटं स्वच्छ, अंगाला कलिंगडाचा वास, असा निकोटीनचा रुग्ण अजून त्याच्या नजरेत बसलेला नाही.

दाढ काढायची आणि ७२ तास काही ओढायचं नाही

तो आमच्या इमारतीत आला तो अक्कलदाढेसाठी. अर्धवट उगवलेल्या दाढेवरची हिरडी सुजली होती. ओरल सर्जरीच्या डॉक्टर मॅडमनी ती जागा धुऊन काढली, औषध दिलं, दाढ काढायची तारीख द्यायला घेतली आणि नेहमीच्या सूचना सांगायला सुरुवात केली. दाढ काढल्यावर तिथे रक्ताची गुठळी धरते, ती निघाली तर हाड उघडं पडतं आणि कळा कानापर्यंत जातात. त्याला ड्राय सॉकेट म्हणतात. म्हणून किमान ७२ तास स्ट्रॉने काही प्यायचं नाही, जोरात चूळ भरायची नाही, आणि सिगारेट, बिडी, हुक्का, व्हेप यातलं काहीच ओढायचं नाही.

तो म्हणाला, “व्हेपपण? तीन दिवस?”

मॅडमनी आवाज न बदलता विचारलं, “सकाळी उठल्यावर पहिला पफ किती वेळाने घेतोस?”

“ब्रशच्या आधी.”

“आणि रात्री?”

“जाग आली तर.”

सात-आठ महिन्यांत कुठल्या केस पेपरवर आली नव्हती ती माहिती अशी मिनिटभरात बाहेर आली. ‘व्हेप करतोस का’ असा प्रश्न मॅडमनी टाकलाच नाही. किती वेळाने घेतोस, हे विचारलं. नंतर तो मला म्हणाला की तसं विचारल्यामुळे लपवायचं सुचलंच नाही.

पहिला खरा निर्णय इथे झाला. सूज औषधाने उतरणार होती, दाढ काढायची घाई नव्हती. त्याच आठवड्यात काढून ‘तीन दिवस कळ काढ’ असं सांगता आलं असतं. पण जो मुलगा रात्री उठून पफ घेतो तो ७२ तास कोरडे काढेल यावर मॅडमचा विश्वास नव्हता. त्यांनी तारीख पुढे ढकलली आणि त्याला वरच्या मजल्यावर आमच्याकडे पाठवलं.

चित्र जुळवताना

खुर्चीत बसल्यावर त्याचा पहिला प्रश्न: “तुम्ही पोलिसांना कळवता का?” हा प्रश्न आम्हाला वरचेवर येतो आणि बरेच जण केवळ या भीतीपोटी दवाखान्यात तोंड उघडत नाहीत. सप्टेंबर २०१९ चा अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेला कायदा हा ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर बंदी घालणारा आहे. विक्रीसारख्या गुन्ह्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यासाठी शिक्षेचं वेगळं कलम त्यात नाही. आणि रुग्ण आम्हाला जे सांगतो ते केंद्राबाहेर जात नाही. हे ऐकल्यावर त्याने खिशातलं उपकरण काढून टेबलावर ठेवलं. ते ठेवून घ्यायला मात्र मी नकार दिला. असल्या वस्तूंचा ढीग केंद्राच्या कपाटात साठवणं आम्हालाच परवडणारं नाही.

आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्यावरचा आकडा दाखवला की पुढचं अर्धं काम होतं. याचा आकडा न ओढणाऱ्यासारखा आला, आणि तो खूश झाला. व्हेपमध्ये काही जळत नाही, द्रव तापून वाफ होते, त्यामुळे या यंत्राला तो दिसतच नाही. निकोटीनचा माग लघवीतल्या किंवा लाळेतल्या कोटिनिनवरून (निकोटीनपासून शरीरात बनणाऱ्या पदार्थावरून) लागतो, पण उपचाराचा निकोटीन पॅच (कातडीवर चिकटवायची पट्टी) लावल्यावर तेही येतच राहणार. थोडक्यात, या रुग्णाच्या बाबतीत तो जे सांगेल तेच आमचं यंत्र.

सिगारेटसाठीची नेहमीची प्रश्नावलीही अर्धवट लागू पडते, कारण ती ‘दिवसाला किती’ विचारते. पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी ई-सिगारेटसाठी वेगळी, २० गुणांची प्रश्नावली बनवली आहे. तिच्यात १३ किंवा त्याहून जास्त गुण आले की व्यसन तीव्र. हा १५ वर होता.

मग तक्रारींची यादी पुन्हा वाचली. निकोटीन रक्तातून उतरायला वेळ लागत नाही, साधारण दोन तासांत निम्मं होतं. रात्रभरात पातळी खाली येते म्हणून पहाटे जाग आणि हाताने उपकरण शोधणं. सकाळी रिकाम्या पोटी, तहानलेल्या मेंदूवर एकदम चार-पाच पफ, म्हणून मळमळ आणि गरगरणं. परीक्षेच्या काळात सलग पफ, जोडीला एनर्जी ड्रिंक आणि टपरीवरचा चहा, म्हणून धडधड आणि थरथर. द्रवातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन्ही पाणी ओढून घेणारी, म्हणून तोंड आणि घसा कोरडा. उपकरण संपत आलं की आतला द्रव धरणारा कापूस वाळतो आणि तो तापवणारी कॉइल करपते, तशा करपट पफमधून फॉर्मल्डिहाइड, ॲक्रोलिनसारखे जळजळीत पदार्थ घशात जातात. तो शेवटचा थेंब संपेपर्यंत ओढायचा, कारण नवीन घ्यायला पैसे लागतात.

खोकला आणि मळमळ एकत्र असली की आणखी एक शंका धरावी लागते, ती आधी बाजूला काढली. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाल्याची किंवा मृत्यू पावल्याची नोंद झाली, त्यातले ६८ मृत्यू. बहुतेकांनी टीएचसीची (गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाची) व्हेपमध्ये बसवायची काडतुसं ओढली होती आणि संशयाची मुख्य सुई त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर आली. म्हणून त्याला स्पष्ट विचारलं, “तेलकट काडतूस कधी ओढलंस?” एकदा, एका ट्रिपला. ताप नाही, दम लागत नाही, वजन घटलेलं नाही, ऑक्सिजन ९८. तरीही फिजिशियननी छातीचा एक्स-रे काढला, तो स्वच्छ आला. ताप, धाप, छातीत दुखणं किंवा खोकल्यातून रक्त यातलं काहीही असतं तर आमच्या खुर्चीऐवजी त्याची जागा थेट मोठ्या रुग्णालयात होती.

कोणकोणते मार्ग होते

पहिला मार्ग त्याने स्वतःच मांडला: “सोडत नाही, पण त्रास कमी करा. तीन टक्क्यांचं घेतो.” त्याचा एक आतेभाऊ इंग्लंडमध्ये आहे. तिकडे सरकारच व्हेप देतं, असं त्याने सांगितलेलं. ते खोटं नाही. २०२३ मध्ये तिथल्या सरकारने सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडवण्यासाठी व्हेपचे संच द्यायची योजना जाहीर केली. पण ती सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांसाठी, आणि याने सिगारेट कधी ओढलीच नव्हती. तिथे बाटलीवर लिहिलेल्या आकड्याला कायद्याचं बळ असतं, त्यामुळे २० वरून १०, मग ६ असं उतरता येतं. चोरून आलेल्या खोक्यावरच्या तीन टक्क्यांना काय अर्थ? शिवाय कमी तीव्रतेचं घेतलं की माणूस जास्त आणि खोल ओढतो. हा मार्ग आम्ही नाकारला.

दुसरा, उद्यापासून एकदम बंद. काहींना हे जमतं. याने आधी दोनदा करून पाहिलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रूममेटशी भांडण आणि परत पफ.

तिसरा, निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगम आणि सोबत समुपदेशन. यावरचा बहुतेक अभ्यास सिगारेटवाल्यांवर झालेला आहे, व्हेपवर पुरावा तोकडा, हे त्याला तसंच सांगितलं. २ मिलीग्रॅमचं च्युइंगम आपल्याकडे चिठ्ठीशिवाय मिळतं, त्याच्या वरचं डॉक्टरांच्या सल्ल्याने. पण सुजलेल्या अक्कलदाढेने च्युइंगम चघळायचं तरी कसं?

चौथा, निकोटीनची तलफ कमी करणारी व्हरेनिक्लिनची गोळी. १६ ते २५ वयाच्या व्हेप करणाऱ्यांवर अमेरिकेत झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिचा चांगला उपयोग दिसला आहे. मात्र मळमळ आणि झोपेतली विचित्र स्वप्नं हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम, आणि याची मुख्य तक्रार तीच. फिजिशियननी ती राखून ठेवली.

ठरलं ते असं: दिवसभर पॅच, तलफ अनावर झाली तर २ मिलीग्रॅमची चघळायची नसलेली, विरघळणारी गोळी, आणि सोडण्याची तारीख दहा दिवसांनंतरची, कारण मधे प्रॅक्टिकल परीक्षा होती. तारीख पुढची देण्यावर आमच्यात मतभेद होते. माझं म्हणणं, परीक्षेच्या आदल्या दिवशी सोडायला लावणं म्हणजे हरण्याची सोय करून देणं.

काय केलं

मधले दहा दिवस त्याला उपदेश न करता त्रास आटोक्यात ठेवायच्या गोष्टी सांगितल्या. उठल्यावर आधी पाणी, मग काहीतरी खाणं, मगच पफ. उपकरण झोपायच्या खोलीबाहेर. सलग तीनपेक्षा जास्त पफ नाहीत. करपट चव आली की त्या क्षणी बंद, ‘थोडंच उरलंय’ म्हणून ओढायचं नाही. डोकं गरगरलं, मळमळलं किंवा धडधडलं की तो निकोटीन जास्त झाल्याचा इशारा समजायचा: उपकरण खाली, खिडकीशी, पाणी, बसून राहणं. उलट्या थांबेनात, भान हरपतंय असं वाटलं, झटका आला तर थेट रुग्णालय. तोंड कोरडं पडतं म्हणून तो दिवसभर गोड चॉकलेटी चघळायचा. कोरडं तोंड आणि साखर म्हणजे दात किडायला आमंत्रण. त्याऐवजी घोटघोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, आणि अल्कोहोल असलेलं माउथवॉश बंद. ॲलर्जीची गोळी फिजिशियननी थांबवली.

सकाळचा पफ उशिरा गेला एवढ्यानेच मळमळ चार-पाच दिवसांत निम्म्यावर आली. इथे तो चाचरला. “मग असंच चालू ठेवलं तर?” हा दुसरा नाजूक क्षण. लक्षणं उतरली की सोडायचं कारणच हातातून निसटतं. मी त्याला त्याच्याच वहीतला आकडा दाखवला: सकाळचा पफ पुढे गेला होता, उपकरण मात्र पूर्वीइतक्याच दिवसांत संपत होतं. त्रास हलला होता, मात्रा तेवढीच होती. तो तारखेवर कायम राहिला.

पॅच सुरू झाला १४ मिलीग्रॅमचा. आधीच मळमळणाऱ्या मुलाला २१ नको, असा विचार त्यामागे होता. तिसऱ्या दिवशी फोन आला. डोकं फुटतंय, एकाग्रता शून्य, मेसवाल्या काकांवर ओरडलो. निकोटीन सोडल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातो आणि तीन-चार आठवड्यांत ओसरतो, हे त्याला तोंडपाठ होतं, पण तोंडपाठ असून तिसरा दिवस सरत नाही. फिजिशियननी मात्रा २१ वर नेली. चोवीस तासांत फोनवरचा आवाज बदलला. झोपेसाठी पॅच रात्री काढायचा, रोज जागा बदलायची.

त्याने कुठेतरी वाचलं होतं की सोडल्यावर चहा निम्मा करावा, नाहीतर धडधड वाढते. ही सूचना सिगारेटवाल्यांसाठी आहे. धुरातले काही घटक यकृताला कॅफिन झपाट्याने निपटायला लावतात, धूर थांबला की कॅफिन अंगात जास्त वेळ राहतं. व्हेपमध्ये तो धूर नाही. तरी संध्याकाळी पाचनंतर चहा आणि एनर्जी ड्रिंक बंद करायला लावलंच, कारण झोपेला ते पुरेसं वैरी होतं.

घरी सांगायचं का? तो सज्ञान आहे, निर्णय त्याचा. मी सुचवलंही नाही आणि अडवलंही नाही. पण सुट्टीत गावी गेल्यावर आईने दंडावरचा पॅच पाहिला आणि विचारलं, “बाळा, हात कशानं दुखतोय?” दोन दिवस त्याने ते दुखण्याची पट्टी म्हणून निभावून नेलं, मग सांगून टाकलं. आईने मला फोन केला. “मॅडम, ते यंत्र मी मागेच बघितलं होतं. पेन ड्राइव्ह समजून कपाटात जपून ठेवलं होतं हो.” वडील म्हणाले, “मी काय धूर काढतो का?” आणि चुन्याची डबी उघडली. त्यांना केंद्रात यायचं आमंत्रण अजून उघडं आहे.

उपकरणाचं काय करायचं हा प्रश्न उरलाच होता. आत लिथियमची बॅटरी असते, ठेचलं किंवा कचऱ्याबरोबर पेटलं तर भडका उडू शकतो. उरलेला द्रव लहान मुलाने गिळला तर जिवावर बेतू शकतं. ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता त्याने ते ई-कचरा संकलनात दिलं.

मधेच घसरलेली रात्र

पाचव्या आठवड्यात सबमिशनच्या रात्री तो टपरीवर गेला आणि आयुष्यातली पहिली सिगारेट ओढली. व्हेप हाताशी नव्हता, सिगारेट होती. सकाळी त्याने मेसेज केला: सगळं वाया गेलं. माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात धोक्याचा क्षण तोच होता. व्हेप सुटताना रिकामी जागा सिगारेटने भरली तर हा मुलगा आधीपेक्षा वाईट ठिकाणी पोचला असता. त्याला रागावले नाही. पॅच चालू ठेव, रात्री जागायचं असेल तेव्हा विरघळणारी गोळी खिशात ठेव, टपरीचा चहा पार्सल करून आण, एवढंच सांगितलं. त्या आठवड्यात १४ वर उतरायचं ठरलं होतं, ते आठ दिवस पुढे ढकललं.

त्याच सुमाराला दुसरी भीती उभी राहिली. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. “ओढत होतो तेव्हा नव्हतं येत,” तो म्हणाला, आणि सोडल्यामुळेच बिघडलं असा निष्कर्ष त्याने काढला. निकोटीन रक्तवाहिन्या आकसवतं, त्यामुळे सुजलेली हिरडीही रक्त दाखवत नाही. ते उतरलं की झाकलेलं दिसू लागतं. दात साफ करून घेतले, ब्रशची पद्धत सुधारली, दोन-तीन आठवड्यांत रक्त थांबलं. तोंडात एक-दोन छाले आले, तेही सोडताना काहींना येतात आणि आपोआप बरे होतात.

निष्पत्ती

मळमळ आणि डोकेदुखी पहिल्या पंधरवड्यात गेली, ॲसिडिटीची गोळी बंद झाली. खोकला जायला महिन्याहून जास्त लागला. धडधड परीक्षेच्या दिवसांतसुद्धा परत आली नाही, पॅनिक अटॅकचा विषयही त्याने पुन्हा काढला नाही. अक्कलदाढ सातव्या आठवड्यात निघाली. तेव्हा अंगावर १४ चा पॅच होता, तोंडात काही नव्हतं, ७२ तास बिनबोभाट गेले आणि गुठळी नीट धरली. तीन महिन्यांनी पॅच सुटला. वजन तीन किलो वाढलं, त्याबद्दल तो कुरकुरतो. झोप मात्र पूर्ण सुधारली नाही. तिचं मूळ आता खरोखरच मोबाइलमध्ये आहे.

सहा महिन्यांनंतरच्या भेटीत त्याने सांगितलं की एका लग्नात कुणाचा तरी व्हेप दोन पफ ओढला, गरगरलं आणि परत दिला. कागदावर याला शंभर टक्के यश लिहिता येत नाही. आम्ही ‘सोडलेला, एक घसरण’ असं लिहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

पॅच सुरुवातीलाच २१ चा द्यायला हवा होता. मळमळ होती ती एकदम चढणाऱ्या निकोटीनमुळे. पॅच ते सावकाश, सपाट सोडतो. उशाशी उपकरण घेऊन झोपणाऱ्याला कमी मात्रा देऊन ते तीन दिवस उगाच कठीण केले गेले.

सबमिशनची रात्र आधीच ओळखून ठेवता आली असती. परीक्षेचं वेळापत्रक आमच्याकडे होतं, सबमिशनचं आम्ही विचारलंच नाही, आणि इंजिनिअरिंगच्या मुलाचं खरं जागरण तिथे असतं. सिगारेटचा पर्याय त्याच्या डोक्यात येऊ शकतो हेही आधी बोलून ठेवायला हवं होतं. कधीच न ओढणारा आहे म्हणून तो मुद्दा आम्ही सोडून दिला.

रूममेटला पहिल्याच आठवड्यात बोलावलं असतं तर घरात दुसरं उपकरण चालू राहिलं नसतं. तो दोन महिन्यांनी आपणहून आला, तोपर्यंत याने खोली बदलली होती. केंद्रात यायला ज्यांना अवघड वाटतं त्यांच्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणारी हेल्पलाइन आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. त्या रूममेटने सुरुवात तिथूनच केली होती.

आणि केस पेपर. ‘तंबाखू / सिगारेट / दारू: हो / नाही’ ही ओळ आता आमच्या ओपीडीत बदलली आहे. तिच्या जागी विचारलं जातं: गेल्या महिन्यात व्हेप, पॉड, हुक्का, निकोटीन पाऊच, तंबाखू, मिशेरी, सिगारेट यातलं काय घेतलं, आणि सकाळी उठल्यावर किती वेळाने. पहिले दोन दिवस नोंदणीच्या काउंटरवरून तक्रार आली की रांग लांबते. तिसऱ्या दिवशी एका आजींनी मिशेरीवर खूण केली आणि शेजारी लिहायला सांगितलं: उठल्यावर लगेच, चहाच्या आधी.